तिसरा रकाना

मेलं असं म्हणायच्या आधी चाचा अंगठ्याचं नख लावून बघायचे. झाड असो, झुडूप असो, गवताचा ठोंब असो. खाली बसायचे, बुडाजवळची एक काडी दोन बोटांत धरायचे आणि उजव्या अंगठ्याच्या नखानं तिची साल तांदळाच्या दाण्याएवढी खरवडायचे. मग मान तिरकी करून आत बघायचे. हिरवट दिसलं की काडी सोडून द्यायचे आणि म्हणायचे, "मेलेलं नाय. निजलंय."

तेवढं एकच नख ते वाढवायचे. बाकीची नऊ बारीक कापलेली. मी नवीन होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना स्वच्छतेबद्दल दोन शब्द ऐकवले होते. ते म्हणाले, "हत्यार हाय ते, बाई," आणि चहा प्यायला निघून गेले.

आमच्या कंपनीचं ऑफिस कुवेतमध्ये, सलव्यात आहे. लोकांना बागा आणि हिरवळी करून देण्याचा धंदा. मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कागद सांभाळणारी बाई. कोणत्या साईटवर काय लावलं, किती जगलं, किती मेलं, याचा महिन्याचा रिपोर्ट माझ्या सहीनं जातो. चाचा नर्सरीचे प्रमुख. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून विशीत आले ते इथेच राहिले. त्यांना चाचा म्हणणारे बंगाली होते, नेपाळी होते, आमचा इजिप्शियन मुदीर, म्हणजे मॅनेजर, तोही चाचाच म्हणायचा. खरं नाव त्यांच्या सिव्हिल आयडीवर आणि माझ्या फायलीत होतं. ते इथे लिहीत नाही.

माझंही थोडक्यात सांगते. मी माण तालुक्यातली. नवऱ्याबरोबर इथे आले. पुढे त्याची आई आजारी पडली, तो पुण्याला परत गेला. मुलगी कॅनडात. माझी नोकरी चालू होती म्हणून मी राहिले. अबू हलीफात एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहते, शुक्रवारी कपडे धुते, समुद्राच्या कडेनं चालून येते. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. माझ्यासारख्या इथे पुष्कळ आहेत; तुम्ही कुवेतमध्ये राहिला असाल तर लिफ्टमध्ये आम्हाला पाहिलंही असेल, हातात खुबूसची, म्हणजे इथल्या रोटीची, पिशवी आणि नजर मजल्यांच्या आकड्यांवर.

ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यामुळे भांडणंही मराठीत व्हायची. बहुतेक रिपोर्टावरून. रिपोर्टात दोन रकाने: जिवंत आणि मृत. चाचा "जिवंत"मध्ये आकडा लिहायचे आणि "मृत" कोरा ठेवायचे. बेरीज जुळायची नाही.

"तिसरा रकाना काढा," ते म्हणायचे.

"वर काय लिहू?"

"निजलेलं."

मी म्हणायचे, चाचा, असा कागद गेला तर मुदीर मलाच निजायला घरी पाठवेल. ते हसायचे, पण आकडा द्यायचे नाहीत. शेवटी मीच कमी पडलेली संख्या "मृत"मध्ये भरून टाकायची. ते खांद्यावरून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "मारलीत, बाई." दर महिन्याला हा कार्यक्रम व्हायचा.

आयुष्यभर त्यांनी लोकांच्या बंगल्यांपुढे हिरवळी केल्या आणि हिरवळीबद्दल त्यांना काडीचं प्रेम नव्हतं. "पेशंट हाय तो," म्हणायचे. "सलाईन काढलं की गेला." इथलं पाणी समुद्राचं मीठ काढून केलेलं. ते रोज दोनदा गवताला पाजायचं, हे त्यांना चौतीस वर्षांत पटलं नव्हतं. त्यांचं मन होतं थुमामवर. थुमाम हे इथल्या वाळवंटातलं गवत. कमरेएवढा ठोंब, काड्या बारीक बांबूसारख्या कडक. दिसायला काही खास नाही. कुंपणाबाहेर उंट आणि मेंढ्या ते शिल्लक ठेवत नाहीत, म्हणून जिथे कुंपण आहे तिथेच ते उरलंय.

मग मीना अब्दुल्ला या रिफायनरीकडच्या भागातलं काम आलं. तिथे गोदामांच्या एका आवारामागे मातीचा लांब भराव आहे, तीन पुरुष उंच. उन्हाळ्यात शमाल वारा सुटला की त्याची वाळू उडून खालची गटारं बुजायची, आणि हिवाळ्यात एखादा जोरदार पाऊस आला की उतारावर घळी पडून सगळा चिखल चौकीदाराच्या केबिनमध्ये. गिऱ्हाइकाला हिरवळ हवी होती. चाचा मुदीरला म्हणाले, हिरवळीची मुळं वीतभर, ती भराव काय धरणार. मला थुमाम लावू दे. मुदीर कधी नव्हे तो हो म्हणाला. पाण्याचा टँकर वाचतो, हे त्याला पटलं असावं.

बी चाचांनी स्वतः गोळा केलं, आमच्याच एका जुन्या साईटच्या कुंपणातून, परवानगी काढून. दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून तो डबा ऑफिसात माझ्या कपाटात ठेवला, कारण नर्सरीत उंदीर. रोपं वाढवली आणि नोव्हेंबरात पहिल्या पावसामागोमाग भरावावर लावली, वाऱ्याला आडव्या ओळींत. पाणी दहा दिवसांतून एकदा, पण भरपूर. फोरमन रोज टँकर न्यायला बघायचा आणि चाचा त्याला गेटावरून परत पाठवायचे. "वर पाणी दिलं की मूळ वरच बसतं," म्हणायचे. "तेला खाली जाऊ दे. खाली तेचं काम हाय."

एकदा मी फोटो काढायला गेले होते तेव्हा त्यांनी मेलेलं एक रोप उपटून दाखवलं. (मेलेलं म्हणजे नख लावून खात्री केलेलं.) मुळांना वाळूचे कण चिकटले होते, झटकले तरी पडत नव्हते, जणू प्रत्येक मुळानं वाळूचा मोजा घातलाय.

"आपण मोजे घालतो थंडीसाठी," चाचा म्हणाले, "हे घालतंय उन्हासाठी."

मग खाली बसून त्यांनी गावातल्या पुळणीवरच्या मर्यादवेलीबद्दल सांगितलं. तिच्या वेलांच्या जाळ्यानं किनाऱ्याची वाळू जागच्या जागी राहायची. शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्या लावायला जागा हवी म्हणून गावानं ती उपटली. आता वारा सुटला की वाळू घरांच्या पडव्यांत येते. दर रजेत ते ती झाडून काढतात.

"तेवढंच काम असतं मला तिथं," म्हणाले. "बाकी सगळं तेंचं तेंचं चाललेलं. चहा आणतात तो पाव्हण्याच्या कपात, बाई. बशी लावून."

दर दोन वर्षांनी दोन महिने रजा. मी मनात मोजलं. चौतीस वर्षांत सगळे मिळून तीन वर्षंही घरी नाहीत. फोटो काढले आणि परत आले.

त्या हिवाळ्यात भराव हिरवा झाला. गर्द नाही, पण ठोंबाठोंबानं. पावसात एकही घळ पडली नाही, केबिन कोरडी राहिली. चौकीदारानं चाचांना घरचं जेवण आणून दिलं. जुलैत चाचा रजेवर गेले.

इथे माझा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. रजेवरच्या माणसाला मी फोन करत नाही. कोणालाही करू देत नाही. माणूस दोन वर्षांनी घरी जातो, त्याला तिकडे नळ कुठला आणि चावी कुठली म्हणून विचारायचं नाही. हा नियम मी लढून आणला होता आणि त्याचा मला अभिमान होता. कोणाच्या गावचे नंबर मी मागूनही घेत नसे. चाचांचाही नव्हता.

ऑगस्टमध्ये गिऱ्हाइकाकडे नवा इंजिनिअर आला. त्यानं भराव पाहिला आणि मेल पाठवली, सोबत सहा फोटो. सगळी लागवड मृत, काढून टाका, हिरवळ लावा. मी सकाळी लवकर स्वतः जाऊन आले. फोटो खोटे नव्हते. अख्ख्या उतारावर पिवळट पांढऱ्या काड्या, हात लावला की कडकड वाजणाऱ्या. मी एक ठोंब हलवून पाहिला. नख लावलं नाही. माझी नखं कापलेली होती आणि ऊन चढत होतं.

मनात आलं, चाचांना विचारावं. मग म्हटलं, गवतासाठी कशाला त्यांची रजा मोडायची. आले की वाईट वाटेल, पण समजतील.

रिपोर्टात "जिवंत"पुढे शून्य लिहिलं, "मृत"पुढे सगळी संख्या, आणि सही केली. यंत्र लावून गेटाच्या बाजूचं निम्मं गवत दोन दिवसांत खरवडून काढलं. उरलेलं, पलीकडच्या पाण्याच्या टाकीकडचं, काढायच्या आधी यंत्र दुसऱ्या साईटवर गेलं. ते वीस दिवसांनी परत यायचं होतं.

चाचा त्याआधी आले. विमानतळावरून नर्सरीत, नर्सरीतून मीना अब्दुल्लाला. दुपारी माझ्या टेबलासमोर उभे राहिले. हातात उपटलेला एक ठोंब, ढिगातून आणलेला. त्यांनी तो माझ्या कागदांवर ठेवला, बुडाजवळची काडी धरली आणि नख फिरवलं. मग काडी माझ्या डोळ्यांजवळ आणली.

आत हिरवं होतं. पंधरा दिवस उन्हात पडून.

"सही कोनाची?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"माझी."

"फोन का नाय केलात?"

मी म्हटलं, तुम्ही रजेवर होता.

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "मी घरी बसून गवतावर बोलायला माणूस शोधत होतो, बाई," एवढंच म्हणाले आणि ठोंब उचलून घेऊन गेले. माझ्या कागदांवर वाळू राहिली.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते जी मी त्यांना सांगितली नाही. मी माणची आहे. आमच्याकडे माळावर कुसळी गवत असतं. माघापासून ते वाळतं आणि मृगापर्यंत तसंच उभं असतं, काडी न् काडी पांढरी. शाळेतून आलं की परकराला लागलेली कुसळं काढत बसायचं, हे माझं बालपण. तो माळ मेला असं माझ्या घरात कोणी कधी म्हटलं नाही. मला हे सांगायला कोकणातल्या माणसाची गरज नव्हती. पण इथे इतकी वर्षं मी दोनच रकाने भरत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा फॉर्म बनवला. त्यात तीन रकाने होते. तिसऱ्याचं नाव "निजलेलं" ठेवायची हिंमत झाली नाही. "तपासणी बाकी" असं ठेवलं. आमच्या धंद्यात ज्या कागदावर तपासणी बाकी असते त्याला कोणी हात लावू शकत नाही, इंजिनिअरसुद्धा नाही. टाकीकडच्या निम्म्या भरावाची सगळी संख्या मी त्यात टाकली आणि तपासणीची वेळ लिहिली: पहिल्या पावसानंतर दोन आठवडे.

मुदीरनं मला बोलावलं. पाऊस पडलाच नाही तर काय, विचारलं. मी म्हटलं, तर मी स्वतः काढून टाकायचा आदेश लिहीन. आणि पाऊस पडून गवत उठलं नाही तर? तर या चुकीवर माझं नाव घाल, माझ्या फायलीत लाव. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.

यंत्र आलं आणि गेटावरूनच परत गेलं. चाचांना मी कागद दाखवला. त्यांनी तिसऱ्या रकान्यावरून ते नख फिरवलं, जणू कागदाची सालही काढून बघायची होती.

"नाव चुकलं," म्हणाले. "पर चालंल."

खरी अडचण पुढेच होती. चाचांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, ऑक्टोबरअखेर संपत होता. वय झालेल्या माणसाची कागदपत्रं पुढे चालवायला कंपनी तयार नव्हती. आणि इथे पाऊस येतो नोव्हेंबरात, आला तर. म्हणजे गवत उठलं की नाही हे बघायला ते इथे नसणार. मी दोन महिन्यांसाठी मुदतवाढ मागून पाहिली. मिळाली नाही.

शेवटच्या दिवशी ते सह्या करायला ऑफिसात आले. नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. मी कपाटातून बियांचा डबा काढून दिला. त्यांनी हलवून पाहिला, निम्मा भरलेला होता, आणि परत माझ्याकडे सरकवला. घरी कशाला, म्हणाले, तिकडच्या पुळणीवर हे जगायचं नाही.

मग म्हणाले, "हात दाखवा."

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं.

"जरा वाढवा. पाऊस झाला की एकदा जाऊन या. लांबून बघू नका."

मी हो म्हटलं. त्यांचा गावचा नंबर मागितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तो पाठ म्हणून दाखवला, हळूहळू, मी दोनदा लिहून घेतला. जिन्यापर्यंत सोडायला गेले नाही. मला ते जमत नाही. खिडकीतून पाहिलं तर ते फाटकाजवळच्या कण्हेरीपाशी वाकले होते. काडी धरून नख लावत होते. मग गाडीत बसले.

पाऊस आला, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. एक दुपार आणि एक सकाळ. दोन आठवडे थांबून शुक्रवारी मी टॅक्सी करून मीना अब्दुल्लाला गेले. सुट्टी, रस्ते रिकामे, रिफायनरीच्या चिमण्यांवरचा धूर सरळ वर जात होता. गेटाकडच्या निम्म्या भरावावर माझ्या गुडघ्याएवढ्या खोल घळी पडल्या होत्या आणि चौकीदार केबिनमधला चिखल फावड्यानं काढत होता. त्यानं मला सलाम केला. चिखल कोणामुळे, हे त्याला माहीत नव्हतं.

टाकीकडचा निम्मा भराव शाबूत होता. प्रत्येक ठोंबाच्या बुडाशी वाळूची छोटी उशी जमली होती. काड्या मात्र पांढऱ्याच दिसत होत्या. लांबून. मी वर चढले, गुडघे टेकले, आणि बुडाशी पाहिलं. गाठीगाठीतून बोटभर हिरवं फुटलं होतं. एका ठोंबाला, दुसऱ्याला, दहाव्याला. ज्याला दिसलं नाही त्याला नख लावलं.

तिथूनच फोन लावला. त्यांनीच उचलला. मागे समुद्र किंवा पंखा असावा.

"चाचा, उठलं," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, "दुसरी बाजू?"

मी खरं ते सांगितलं. घळी, चिखल, सगळं. ते म्हणाले, डबा हाय ना तुमच्याकडं? बोटाच्या एका पेराइतकं खोल, जास्त नको. वर बारीक खडी, म्हणजे वाऱ्यानं जायचं नाही. आडव्या ओळी. मग बराच वेळ गवतावरच बोलले. मी उतारावर बसून ऐकत राहिले. मध्ये कोणीतरी त्यांच्यासाठी चहा आणला, कपाचा बशीवर टेकल्याचा आवाज आला.

त्या हिवाळ्यात चार शुक्रवार मी तिथे जाऊन बी पेरलं. एकटीनंच, सुट्टीच्या दिवशी कामगारांना बोलावणं मला मान्य नाही. मुलीला व्हिडिओवर दाखवलं. "मम्मा, इट्स जस्ट ग्रास," ती म्हणाली. मी म्हटलं, हो.

तपासणीचा कागद मंजूर झाला. फॉर्म तीन रकान्यांचाच राहिला, आता सगळ्या साईटना तोच जातो. कोणी विचारत नाही तिसरा कुठून आला.

गेल्या हिवाळ्यात पाऊस लवकर झाला. गेटाकडच्या बाजूला मी पेरलेल्यातले एकतीस ठोंब उभे आहेत, आणि सात असे, जे माझ्या ओळींत नाहीत. टाकीकडून वाऱ्यानं आलेले असावेत. ते सात मला चाचांना सांगायचे होते. फोन वाजत राहिला. पुढच्या शुक्रवारी परत लावला, मग महिन्यानं. आता तर वाजतही नाही, रेकॉर्ड केलेली बाई बोलते की हा नंबर सध्या उपलब्ध नाही. त्यांच्या खोलीत राहिलेल्या दोघांना मी गाठून विचारलं. एक म्हणाला, मुंबईला मुलाकडे गेले असतील. दुसऱ्यानं नुसते हात उघडले.

देश सोडून गेलेल्यांचे नंबर मी वर्षाअखेरीला पुसून टाकते. यादी नाहीतर संपत नाही. यंदाही पुसले. एक ठेवला आहे. कुठल्या रकान्यात, ते तुम्हाला सांगायला नको.

शुक्रवारी परत लावेन. सकाळी साडेसातला. तिकडे तेव्हा दहा वाजलेले असतात, आणि पडवी झाडून झालेली असते.